वाळू खाणारा मासा आजारी नाही
बोलिव्हियन रॅम हा टाकीत पाळायचा छोटा मासा वाळू तोंडात घेतो नि कल्ल्यांतून सोडतो, तो आजारी आहे का, असं एकानं विचारलंय. अहो, आजारी कसला, जेवतोय तो! मायक्रोजिओफेगस या त्याच्या वंशनामाचा अर्थच मुळी 'छोटा माती खाणारा'. मूळचा बोलिव्हिया-ब्राझीलमधल्या मामोरे, ग्वापोरे नद्यांकडचा. वाळूतल्या अळ्याबिळ्या गाळून घ्यायच्या, बाकी बाहेर.

म्हणून टाकीतली टोकदार खडी आधी काढा, कल्ले सोलतात. मी जळगावात गिरणा नदीची बारीक वाळू वापरतो, पाणी नितळ येईस्तोवर धुतलेली. (पहिल्यांदा ८ बादल्या गेल्या, घरच्यांचे बोल वेगळेच.) जोडी सपाट दगडावर अंडी घालते, मग दोघंही पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात नेऊन ठेवतात. मे महिन्यात मात्र पाणी तापतं, तेव्हा झाकण काढून टाकीवर पंखा लावा.