विषय: लॅक्स्टनची सहल आणि तिथले शिवार

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या सहलीसाठी नॉटिंगहॅमशरमधील लॅक्स्टन या गावाचे नाव सुचवण्यात आले आहे. नकाशावर तिथे नॉर्मन किल्ल्याची मातीची टेकडी, एक चर्च आणि एक पब एवढेच दिसते. तेवढ्यासाठी बस ठरवावी का, हे ज्यांनी गाव पाहिले आहे त्यांनी कृपया कळवावे.

---

काका, सादर नमस्कार.

लॅक्स्टनला मी दोनदा जाऊन आले आहे. टेकडी जरूर चढावी, पण जायचे ते तिथल्या शिवारासाठी. मध्ययुगात इंग्लंडच्या बऱ्याच भागांत गावाची जमीन दोन-तीन विस्तीर्ण शेतांत असे आणि प्रत्येक कुटुंबाचे पट्टे त्यांत विखुरलेले असत. पुढे शेतांना कुंपणे घातली गेली आणि ती पद्धत जवळजवळ सगळीकडून नाहीशी झाली. लॅक्स्टनची जमीन दोन बड्या घराण्यांत वाटलेली होती आणि कुंपणे घालण्यावर त्यांचे एकमत होईना, हे जुनी पद्धत इथे टिकण्याचे एक मोठे कारण. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही तीन शेते आजही बिनकुंपणाची आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे त्या वर्षी पड, असा फेर तीन वर्षांत पुरा होतो. मार्क पियर्स याने १६३५ साली केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गावाची ज्युरी. नोव्हेंबरअखेर ही शेतकरी मंडळी गव्हाच्या शेताची पाहणी करतात. कोणी सामाईक रस्त्यात किंवा ‘साइक’ म्हणून राखलेल्या गवताळ पट्ट्यात नांगर घातला, म्हणजे आपल्याकडे ज्याला बांध कोरणे म्हणतात ते केले, तर त्याची नोंद होते आणि आठवड्याभराने डवकोट इन या पबमध्ये भरणाऱ्या ‘कोर्ट लीट’ या गावकोर्टापुढे दंड ठरतो. १९७७ च्या कायद्याने अशा जुन्या गावकोर्टांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या कोर्टाचे मात्र राखून ठेवले.

अशाच एका पाहणीच्या दिवशी मी वाटेवर उभी राहून पाहत होते. एक वयस्क शेतकरी गुडघ्यांवर वाकून, एक डोळा मिटून, हद्दीच्या दूरच्या खुंटीशी नजर जुळवत होता. त्याने हात वर करताच दुसऱ्याने ओल्या मातीत नवी खुंटी ठोकली आणि ज्याचा पट्टा होता तो शेजारी उभा राहून मान डोलावत होता. आमच्या घरच्या अडीच हात बांधाचा दावा माझ्या लहानपणी सुरू झाला आणि आजोबा गेले तरी निकाल लागला नव्हता. त्या खुंटीकडे पाहताना मला भरून आले.

१९५२ नंतर ही जमीन बराच काळ सरकारी मालकीत होती. २०२० मध्ये ती थोर्सबी इस्टेटकडे आली. शेतकरी बहुतांशी खंडकरीच आहेत, तरी शिवाराचा कारभार त्यांच्याच हाती आहे.

माझे मत असे की बस जूनमध्ये न्यावी, कारण तेव्हा साइकमधले गवत रानफुलांनी भरलेले असते. पाहणीचा दिवस मात्र कामाच्या वारी येतो; ज्यांना रजा मिळेल त्यांनी नोव्हेंबरात माझ्याबरोबर यावे. गमबूट आणायला विसरू नये, तिथली माती चिकण आहे.