परक्या भाषेतला कागद आणि नोटरीचा शिक्का : यात घोटाळा कसला?

अर्जनवीस
काल ‘जुवारी’ यांनी इथे ठणकावून लिहिले, की ज्या कागदातले अक्षर वाचता येत नाही त्यावर शिक्का मारणारा नोटरी म्हणजे डोळे मिटून पैसे घेणारा. गोव्यात पोर्तुगीज नि रशियन कागदांवर हे सर्रास चालते आणि ते बंद झाले पाहिजे. खाली माना डोलावणारेही भरपूर. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतो.

नोटरी कायदा, १९५२ चे कलम ८ वाचा. भारताबाहेर ज्याचा अंमल व्हायचा तो दस्त, तिथल्या कायद्याला चालेल अशा नमुन्यात आणि अशा भाषेत नोटरीला तयार करता येतो, साक्षांकित करता येतो. लिस्बनला जायच्या कागदाची भाषा लिस्बन ठरवणार, पणजी कोण?

मुळात शिक्का कशावर पडतो? मुखत्यारपत्रावर नोटरी सांगतो ते एवढेच : अमुक माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पटवली, त्याने माझ्यादेखत सही केली. मजकुराची हमी तो इंग्रजी कागदावरसुद्धा देत नाही. मूळ ओळखपत्र बघणे, प्रत्येक पानावर आद्याक्षरे घेणे, मोकळ्या जागा तिरक्या रेघेने मारणे, एकूण पाने किती ते शेवटच्या पानावर अक्षरी लिहिणे, रजिस्टरात नोंद करून तिथेही पक्षकाराची सही घेणे. यातले काय पोर्तुगीज येत नाही म्हणून अडते?

आणि ॲपोस्टिल घ्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कागदाला परराष्ट्र मंत्रालय जोडते ते प्रमाणपत्र. कागदावरची सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि मोहोर खरी आहे, एवढेच ते सांगते. मजकुराची जबाबदारी परराष्ट्र मंत्रालयही घेत नाही. मग ती सगळी बिचाऱ्या नोटरीच्या गळ्यात का?

जुवारी
नाव घेतलेच आहे तर उत्तर ऐका. तुम्ही सोयीचे उदाहरण निवडलेत. मुखत्यारपत्राची गोष्ट वेगळी, शपथपत्राची वेगळी. शपथपत्रात नोटरी शपथ *देतो*. ‘वरील मजकूर मला समजला आहे आणि तो खरा आहे’ असे माणसाकडून वदवून घेतो. जो मजकूर देणाऱ्याला कळला नाही, घेणाऱ्याला कळला नाही, त्याची शपथ कसली? ते बुजगावणे झाले.

म्हातारी आजी डिचोलीतून येते, मुलगा पोर्तुगीजमधला छापील कागद पुढे सरकवतो, आजी अंगठा उठवते. आत काय आहे? उपभोगाचा हक्क सोडला? वारसाहक्काचा वाटा सोडला? गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक, स्थावर विकायची तर दोघांच्या सह्या लागतात; म्हणून असल्या संमतीच्या कागदांना इथे जास्त किंमत आहे. आणि तुम्ही म्हणता, ओळख पटली, सही झाली, काम संपले.

‘पाने अक्षरी लिहिणे’ वगैरे कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात साहेब कोर्टात, शिक्का कारकुनाच्या खणात, आणि सही करणारा दुबईत. हे कोण बघणार?

सत्तरीकर
जुवारीबाबांना पाठिंबा. नोंदणी कायद्याचे कलम १९ हेच सांगते : अधिकाऱ्याला न कळणाऱ्या भाषेतला दस्त घ्यायचा नाही. विषय संपला.

अर्जनवीस
विषय संपला नाही, तुम्ही चुकीच्या दारात शिरलात. कलम १९ हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातले, ते सब-रजिस्ट्रारला लागते, नोटरीला लागत नाही. तिथेही सरसकट बंदी नाही. अधिकाऱ्याला भाषा येत नसेल *आणि* ती त्या जिल्ह्यात सामान्यपणे वापरात नसेल, तर नोंदणी नाकारायची. पण सोबत जिल्ह्यातल्या भाषेतला खरा अनुवाद आणि मूळ दस्ताची खरी प्रत जोडली तर घ्यायचा.

कारकून शिक्का मारतो ही तक्रार रास्त आहे. पण ती मराठी, इंग्रजी, कानडी सगळ्याच कागदांना लागू. भाषेच्या माथी कशाला मारता?

तेरेखोल
भाषेचा विषय निघालाच आहे तर विचारतो. पोर्तुगीज चालते, रशियन चालते, मग गोव्यात मराठी शपथपत्र पुढे केले की ‘इंग्रजीत टाइप करून आणा’ का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीचाही सरकारी कामासाठी उपयोग करता येतो असे लिहिले आहे. साहेबांना मराठी बोलता येते, वाचता येते, पेपर मराठी घेतात. पण शिक्क्याला मराठी परकी!

माड_पोफळी
झाले सुरू. त्याच कायद्यात राजभाषा कोंकणी आहे हेही लिहिले आहे, तेवढे वाक्य मात्र तुम्ही गिळता. कोंकणीत शपथपत्र कोण टाइप करतो ते आधी दाखवा, मग मराठीसाठी रडा.

तेरेखोल
कोंकणीला माझा विरोध कुठे दिसला? नसलेले भांडण उकरून काढायची तुमची जुनी खोड आहे.

माड_पोफळी
आणि प्रत्येक धागा १९८७ ला नेऊन बांधायची तुमची. उद्या नारळाच्या भावावर धागा निघाला तरी तुम्ही तिथेच पोचणार.

अर्जनवीस
दोघेही थांबा, यात कामाचा मुद्दा बुडतोय. नोटरी कायद्यात इंग्रजीची सक्ती नाही. अडवणूक होते ती कागद जिथे द्यायचा तिथून. ज्या कार्यालयाचा छापील नमुना इंग्रजी, तिथे मराठी शपथपत्र खिडकीवरून परत येते आणि पक्षकार नोटरीशी भांडतो, म्हणून नोटरी आधीच इंग्रजी मागतो. उलट सावंतवाडी, दोडामार्गच्या तहसील कचेरीत द्यायचे शपथपत्र गोव्यात मराठीत खुशाल करा. नोटरीच्या साक्षांकनाच्या चार ओळी इंग्रजीत असल्या तरी बिघडत नाही.

तेरेखोल
सिंधुदुर्गातल्या जमिनीचे मुखत्यारपत्र इथे मराठीत नोटरी करून नेले तर तिकडचा सब-रजिस्ट्रार ते फेकून देतो. म्हणे गोव्याचा नोटरी चालत नाही. हा मराठीचा अपमान नाही तर काय?

अर्जनवीस
नाही. त्याचा भाषेशी काडीचा संबंध नाही, गोव्याशीही नाही. नोंदणी कायद्याचे कलम ३३ बघा. दस्त नोंदणीला हजर करायचा अधिकार मुखत्याराला द्यायचा, आणि देणारा भारतात राहणारा असेल, तर ते मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या रजिस्ट्रार किंवा सब-रजिस्ट्रारपुढे करून प्रमाणित व्हावे लागते. नोटरीचे चालते ते देणारा भारतात राहत नसेल तेव्हा. म्हणजे वाळपईत राहणाऱ्याने स्वतःच्या तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे जायचे, नोटरीच्या टेबलाकडे नाही. शिवाय तो कागद महाराष्ट्रात वापरायचा म्हणजे तिथल्या मुद्रांक शुल्कातला फरक भरावा लागतो, तो वेगळाच.

तेरेखोल
बरं. हे खिडकीवर कोणी सांगत नाही, ‘चालत नाही’ एवढेच सांगतात. पण शपथपत्रांबाबतचे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.

माड_पोफळी
तुम्ही काही सोडणार नाही, ते आम्हाला ठाऊक आहे. मूळ मुद्द्यावर येते. खरा गोंधळ अनुवादात होतो आणि त्यावर इथे कोणीच बोलत नाही. कलम ८ मध्ये अनुवाद करणे आणि अनुवाद पडताळणे हेही नोटरीचे काम आहे. पडताळायचा तर दोन्ही भाषा यायलाच हव्यात, तिथे ‘मी फक्त सही बघितली’ ही पळवाट नाही. भाषा येत नसेल तर सरळ मार्ग असा : अनुवादकाने शपथपत्र करायचे, मला दोन्ही भाषा येतात, सोबतचा अनुवाद पूर्ण आणि खरा आहे, आणि नोटरीने *अनुवादकाच्या* सहीवर शिक्का मारायचा. मूळ कागदाची प्रत, अनुवाद आणि शपथपत्र एकत्र शिवून जोडावर मोहोर. नुसता अनुवाद आणि खाली ‘साक्षांकित’ असा गोल शिक्का, याला अर्थ नाही. कशाचे साक्षांकन, ते कोणालाच सांगता येणार नाही.

आणि अनुवादात खरी माती होते ती इथे. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीच्या समासात पुढच्या नोंदी असतात : लग्न, घटस्फोट, मृत्यू. अनुवादक मधला मजकूर करतो आणि समास सोडतो. पुढे कागद पोर्तुगालला गेला की तिथले नोंदणी कार्यालय नेमका समास मागते. जमिनीच्या कागदात तर पानाचा क्रमांक असतो आणि पुढे छोटा ‘व्ही’, म्हणजे त्या पानाची मागची बाजू. तो गाळला की जुन्या जमीन-नोंदणीच्या ‘बी’ पुस्तकातली मिळकतीची नोंद शोधणारा भलत्याच पानावर जातो. मोहोर असेल तर ‘गोल मोहोर, अस्पष्ट’ असे चौकटी कंसात लिहावे. जे लागत नाही तिथे ‘अवाच्य’ लिहावे, अंदाज बांधू नये.

सत्तरीकर
नावांचे काय करायचे? जुन्या नोंदीत प्रभूचा पोरोबो होतो, नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई येते. आधारकार्डावर भलतेच.

माड_पोफळी
नाव जसे आहे तसे, अक्षर न् अक्षर. अनुवादकाने ते ‘सुधारले’ की अनुवाद खोटा ठरतो, आणि मूळ नोंदीशी ताळा लागत नाही. दोन नावे एकाच माणसाची, हे सांगायला वेगळे शपथपत्र करा. त्यात दोन्ही वर्णलेखने आणि ती कुठल्या कागदावर, कुठल्या तारखेला आहेत हे लिहा. अनुवादक साक्षीदार नसतो.

जुवारी
आता आलात ताळ्यावर. म्हणजे भाषा न येणाऱ्या नोटरीने अनुवाद पडताळू नये, हे मान्य. मी काल दुसरे काय म्हणालो होतो?

अर्जनवीस
काल तुम्ही ‘कुठल्याही कागदावर’ म्हणाला होता. वर आहे अजून, पुसले नसेल तर.

खऱ्या प्रतीचेच बघा. मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स शेजारी ठेवून पाने, मोहोरा, खाडाखोड, क्रमांक जुळतात का ते बघायला रशियन यावे लागत नाही. हां, कोणी तोच मजकूर पुन्हा टाइप करून आणला आणि ‘खरी प्रत’ म्हणाला तर भाषा न येणाऱ्याने हात लावू नये. तिथे एक अक्षर फिरवलेले कळणार नाही.

आणि पोर्तुगालहून येणाऱ्या मुखत्यारपत्रांची उलटी बाजू कोणी बोलत नाही. तिथल्या नोटरीपुढे केले, तिथले ॲपोस्टिल लागले, इथे अनुवाद झाला, सगळे चोख. मग कागद घरच्या कपाटात सहा महिने. भारताबाहेर केलेला दस्त इथे पहिल्यांदा आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावा लागतो. मुदत गेली की दंडाचे लचांड. ॲपोस्टिल आहे म्हणजे मुद्रांक माफ, असे समजणारे ढीगभर.

जुवारी
भाषण छान. आजीच्या अंगठ्याचे उत्तर अजून नाही.

अर्जनवीस
देतो. शपथपत्रापुरते तुमचे म्हणणे बरोबर, घ्या. अंगठा असो वा सही, देणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय शपथ देऊ नये. नोटरीला येत नसेल तर दुभाषी हवा, आणि तो लाभार्थी मुलगा नको, बाहेरचा हवा. आधी दुभाष्याला शपथ, मग आजीला. साक्षांकनात ‘मजकूर मराठीत वाचून व समजावून सांगितला, तो समजल्याचे दिसले’ ही ओळ हवी. रशियन, पोर्तुगीज कागदाला आणखी सोपा उपाय म्हणजे दोन रकाने : डावीकडे परकी भाषा, उजवीकडे इंग्रजी, कलमांचे क्रमांक समोरासमोर, सही दोन्हींखाली. मतभेद झाल्यास कुठला रकाना ग्राह्य, हे शेवटच्या कलमात लिहिलेले असावे.

जुवारी
धन्य झालो. एवढी एक ओळ शिक्क्यात घालायला तुमचे साहेब लोक तयार असतील तर माझा विरोध मागे. पणजीत रबरी शिक्के करून देणारे पुष्कळ आहेत.

अर्जनवीस
नोटरीची मोहोर नियमाने पाच सेंटिमीटर व्यासाची गोल. त्यात नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि सरकारचे नाव एवढेच दाटीवाटीने बसते. तुमच्या ओळीसाठी वेगळा चौकोनी शिक्का करावा लागेल आणि त्यात तीन जागा मोकळ्या सोडाव्या लागतील : भाषा, दुभाष्याचे नाव, दुभाष्याची सही. त्या रिकाम्या ठेवून कोणी शिक्का उठवला, तर त्याच्यावर पहिला धागा मी काढतो.