ए विंगच्या जिन्याखालील बॅटऱ्या

बी-३०२: सचिव महोदय, जिन्याखाली जुन्या ई-स्कूटरच्या चार बॅटऱ्या गणपतीपासून पडून आहेत आणि त्यांतील एक फुगली आहे, हे मी तिसऱ्यांदा कळवीत आहे.

ए-१०४: तीन बॅटऱ्या शिशाच्या आहेत आणि भंगारवाला किलोवर चांगला भाव देतो. विषय संपवावा.

सी-४०१: काका, भाव मिळतो तिथेच विषय सुरू होतो. शिसे विकले जाते म्हणून कुणीतरी ती पेटी फोडतो, आम्ल गटारात ओततो आणि वस्तीतच भट्टी लावतो. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोये-सुर-मेर येथे याच धंद्यामुळे माती शिशाने भरली आणि नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. बॅटरी वितळवून किती शिसे हाती आले एवढेच मोजून चालत नाही. ते काम कुणाच्या दारात झाले, हातमोजे कुणाला मिळाले आणि कामगाराच्या कपड्यांवरची धूळ कुणाच्या पोरांच्या अंगाला लागली, हेही मोजावे लागते.

ए-१०४: सेनेगल कुठे, आपण कुठे? भंगारवाला चांगला भाव देतो, हे पुन्हा नम्रपणे नमूद करतो.

बी-२०३: पार्किंगमधील चार्जिंगच्या वीजबिलाचा हिशेबही काकांनी एकदा असाच नम्रपणे नमूद करावा.

सचिव: तो विषय सभेत झाला आहे. येथे नको.

बी-३०२: फुगलेली बॅटरी लिथियमची आहे. तिच्यात विकून पैसे मिळतील असे कोबाल्ट किंवा निकेल नाही, त्यामुळे भंगारवाल्याने ती नाकारली. आता ती कुणी गुपचूप घंटागाडीत टाकली आणि दाबली जाऊन पेटली, तर हात कुणाचे भाजणार?

सी-४०१: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्या इतर कचऱ्यात न मिसळता सोपवणे, एवढे आपल्याकडे येते. चारही बॅटऱ्या विक्रेत्याकडे पोहोचवून पावती घ्यावी. मात्र सगळा माल नोंदणीकृत कारखान्यांकडे वळला, तर भंगारवाल्याची रोजी बुडते, हेही नुकसानीच्या बाजूला मांडायला हवे. त्याला त्या साखळीत गोळा करण्याचे काम आणि प्रशिक्षण मिळाले, तर गोष्ट वेगळी.

ए-१०४: म्हणजे शेवटी भंगारवालाच. मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

सचिव: शनिवारी बॅटऱ्या हलवू. तोवर वॉचमनची खाट तेथून काढली आहे. पाण्याची कळशी तो त्याच पेट्यांवर ठेवत होता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते.