.375 रायफल घ्यावी की .416? रानरेड्याच्या शिकारीसाठी सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, मी सातारा जिल्ह्यातला, पाटण तालुका, फौजेत 17 वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलोय. बहिणीचा मुलगा झिंबाब्वेत बुलावायोला नोकरीला आहे आणि त्याच्या मालकानं पुढच्या जूनमध्ये रानरेड्याच्या, म्हंजे केप बफेलोच्या शिकारीला बोलावलंय. आपल्याकडं 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं मत, पण तिथं परवाना असतो, सोबत लायसनवाला शिकारी असतो आणि मांस गावातल्या लोकांत वाटतात. रायफल तिथलीच भाड्यानं मिळणार, फक्त कुठली ते आत्ताच कळवायचंय.

भाचा म्हणतो मामा .416 रिग्बी घ्या, 400 ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला 2400 फुटाच्या आसपास, रेडा जाग्यावर बसतो. त्याच्या ओळखीचा शिकारी म्हणतो .375 एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) बास, 300 ग्रेन, 2500 फूट, 1912 पासून अख्ख्या आफ्रिकेत चाललीय आणि पाहुण्याच्या हातात हीच बरी. तो स्वतः मात्र मागं त्याहून मोठी .458 घेऊन उभा राहणार, म्हणून माझा गोंधळ वाढलाय.

माझी सवय फौजेतल्या एसएलआर रायफलची, 7.62, गोळी 145 ग्रेनच्या आसपास आणि गॅसवर चालणारी असल्यानं झटका बराच खाऊन टाकते. इथं बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हातानं बोल्ट ओढायचा) आणि गोळी दुपटीहून जड. उजवा खांदा 2009 साली निखळलेला, बसलाय नीट, पण थंडीत अजून दुखतो. भीती दुखण्याची नाही, झटक्याच्या धास्तीनं ट्रिगर हिसकला जाईल याची आहे. फौजेत बघितलंय, चांगला निशाणेबाज एकदा दचकायला लागला की महिना महिना सुधरत नाही.

आणि जखमी जनावर मला नकोय. आमच्या शिवारात कोयनेकडून गवे उतरतात, एकदा एक गवा तारेत पाय फाडून घेऊन दोन दिवस उसात उभा होता, माणसं मोबाईल घेऊन कडंनं गोळा झालेली, त्याचा श्वास बांधावर ऐकू यायचा. तो आवाज अजून विसरलो नाही. रानरेडा तर जखमी झाला की झाडीत शिरून माग काढणाऱ्याची वाट बघत उभा राहतो असं जाणते सांगतात. म्हणून पहिली गोळी पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात बसलीच पाहिजे, काळीज तिथं खाली असतं.

प्रॅक्टिसचं म्हणाल तर इथं .375 कुठनं आणायची, घरची .177 एअर रायफल आहे तेवढीच. तिथं तीन काठ्यांच्या टेकूवर उभ्यानं मारतात म्हणून मी वेळूच्या तीन काठ्या वरनं दोरीनं बांधल्यात आणि रोज सकाळी गोठ्यामागं 30 गोळ्या त्यावरनं मारतो, झोपून मारायची सवय मोडायला. निशाणा जमतोय, पण झटक्याची सवय यानं कशी होणार?

तर ज्यांनी खरोखर खांद्याला लावून मारलीय त्यांनी सांगा, .375 आणि .416 च्या झटक्यात माणूस दचकावा एवढा फरक आहे का? रायफल जड मागितली, साडेचार किलोच्या पुढची, तर खांद्याला किती आराम पडतो? पहिली सॉफ्ट (आत गेल्यावर पसरणारी गोळी) आणि मागच्या सगळ्या सॉलिड (न पसरता खोल जाणाऱ्या) भरायच्या हे बरोबर ना, का कळपात सॉलिड आरपार जाऊन मागच्या जनावराला लागते? आणि तिथं पोचल्यावर शिकारीआधी किती राउंड मारून बघू, भाचा वीस म्हणतोय, मला वाटतं पाच-सहाच्या वर गेलो तर खांदा आणि मन दोन्ही बिघडेल.

माझा कल .375 कडंच आहे, पण भाच्याला रविवारपर्यंत कळवायचंय. ज्यांचं मत .416 चं असेल त्यांनी कारण जरूर लिहा, ऐकायची तयारी आहे.