मदत हवी आहे: पुण्यात बेघरांसाठी थंडीचं सामान

नमस्कार मंडळी. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा स्टेशन, ससूनची फुटपाथ आणि स्वारगेटच्या आसपास उघड्यावर झोपणाऱ्यांचे हाल होतात. आमच्या सोसायटीतले काही जण मिळून त्यांच्यासाठी सामान गोळा करतोय.

कपड्यांची अडचण नाही, उलट नको तेवढे येतात. परवा एका पिशवीतून जरीची साडी आणि चेन तुटलेली जीन्स निघाली! खरी गरज आहे ती ब्लँकेट, कानटोप्या, मोजे, सतरंज्या, अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड आणि ओडोमॉसची. आतले कपडे नवेच हवेत, वापरलेले कृपया देऊ नका.

आता प्रश्न. घाऊक भावात बरी ब्लँकेटं कुठे मिळतील? पातळ नकोत, दोन धुण्यांत त्यांचं पोतेरं होतं. महिनाभर सामान ठेवायला पेठांत कोणाकडे कोरडी खोली आहे का? आणि रात्री वाटप केलेल्यांनी सांगा, झोपलेल्या माणसाला उठवावं की उशाशी ठेवून यावं? उशाशी ठेवलेलं सकाळपर्यंत राहतं का? महापालिकेच्या रात्र निवाऱ्यात थेट सामान देता येतं का, तेही कळवा.

फोटो काढणार नाही आहोत, त्यामुळे तो आग्रह नको. टेम्पोवाले कोणी असाल तर आधी मेसेज करा.