रस्त्याकडच्या भिंतीवर चित्र: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सचिव (ए-२०४): नमस्कार मंडळी. शहरातल्या कला-सप्ताहाच्या आयोजकांचं पत्र आलं आहे. आपली रस्त्याकडची कंपाउंड वॉल भित्तिचित्रासाठी आणि मागचं मैदान एका संध्याकाळी पथनाट्य व गाण्यांसाठी मिळावं, अशी विनंती आहे. एनओसीचा विषय रविवारच्या सभेत घेतोय. त्याआधी ज्याला जे वाटतं ते इथे लिहा, म्हणजे सभेत वेळ जाणार नाही.

डी-४०२: देऊन टाका! त्या भिंतीवर क्लासेसच्या जाहिरातींशिवाय आहे काय?

बी-१०१: माझा विरोध आहे, नोंद घ्या. उद्घाटनाला सगळे फोटो काढायला येतात. दोन पावसाळे गेले की पोपडे निघतात, मग फोन करा नाहीतर पत्र लिहा, कोणी फिरकत नाही. पुलाच्या खांबांवरची चित्रं आता बघवत नाहीत. साधी पांढरी भिंत निदान दरवर्षी रंगवता तरी येते.

ए-६०१: माझं घर बरोबर त्या भिंतीसमोर. काय काढणार आहेत ते पत्रात लिहिलंय का? रोज सकाळी उठून मलाच बघायचंय ते.

सचिव (ए-२०४): 'शहराची ओळख दाखवणारं चित्र' एवढंच लिहिलंय.

ए-६०१: म्हणजे काहीही.

सी-५०३: बी-१०१ काकांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि तरीही भिंत द्यावी असं माझं मत आहे. फक्त रंगाचा डबा उघडायच्या आधी कागदावर यायला हवं की चित्र किती वर्षांसाठी आहे, डागडुजी कोण करणार आणि मुदत संपल्यावर ते काढायचं कसं. पुलाखालच्या चित्रांचे कलाकार वाईट नव्हते, मी ती नवी असताना पाहिली आहेत. पण ती सांभाळायची कोणी हे ठरलंच नव्हतं. पालिका म्हणते आयोजकांचं काम, आयोजक म्हणतात आता पालिकेचं. आपल्या भिंतीचं तसं होऊ द्यायचं नाही.

डी-४०२: हा फॉरवर्ड वाचा सगळ्यांनी. 'कॅनडातलं शमेनस हे लाकूड कापायच्या गिरणीवर जगणारं छोटं गाव. १९८३ मध्ये गिरणी बंद पडली. गावाने भिंतींवर चित्रं काढली आणि गाव वाचलं!'

सी-५०३: शमेनसची गोष्ट चांगली आहे, पण पूर्ण सांगू या. चित्रांचं काम गिरणी बंद व्हायच्या आधी, १९८२ मध्येच सुरू झालं होतं. १९८५ मध्ये गिरणी लहान प्रमाणात परत चालूही झाली. त्यामुळे सगळं श्रेय चित्रांना देऊन टाकणं बरोबर नाही. लोक मात्र खरोखर बघायला येऊ लागले, आज तिथे चाळीसहून जास्त भित्तिचित्रं आहेत. ती त्या गावाच्याच इतिहासाची आहेत, आणि त्यांची निगा राखायला गावातलीच संस्था आहे. रंग उडाला की कोणाचं दार ठोठवायचं हे तिथे माहीत असतं. मला त्या गोष्टीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

बी-१०१: लोकांना आवडलंच नाही तर? ते सांगा.

सी-५०३: काका, तसंही झालंय. जरा मोठं लिहिते, पण वाचा.

न्यूयॉर्कमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात १९८१ साली रिचर्ड सेरा यांचं 'टिल्टेड आर्क' हे शिल्प उभारलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच, किंचित कललेली गंजक्या रंगाची पोलादी भिंत, चौकाच्या मधोमध. तिथे नोकरी करणाऱ्यांना चौक पार करायला रोज वळसा पडायचा, आणि भिंत येईपर्यंत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. ठेवा म्हणणारे १२२ जण बोलले, काढा म्हणणारे ५८. तरी समितीने काढायचाच कौल दिला, आणि १९८९ मध्ये एका रात्री ती कापून उचलून नेली. सेरा म्हणत होते की हे काम याच जागेसाठी घडवलंय, इथून हलवणं म्हणजे ते नष्ट करणं. मला विचाराल तर त्यात कलाकारावर अन्याय झाला आणि रोज तिथून जाणाऱ्यांवर तर त्याच्याही आधी झाला.

आता दुसरं उदाहरण. जर्मनीतलं म्युन्स्टर. १९७० च्या दशकात तिथे जॉर्ज रिकी यांचं वाऱ्यावर फिरणारं धातूचं शिल्प घ्यायचं म्हटल्यावर लोक खवळले. शेवटी एका बँकेने ते घेऊन शहराला भेट दिलं. इथवर सगळीकडे होतं तेच. पण तिथल्या संग्रहालयातल्या क्लाउस बुसमान यांनी आधुनिक शिल्प म्हणजे काय यावर लोकांसाठी व्याख्यानं ठेवली, आणि पुढे कास्पर क्योनिग यांच्यासोबत १९७७ मध्ये शहरात मोकळ्या जागांवर शिल्पं मांडली. तेव्हाही विरोध झालाच. क्लास ओल्डनबर्ग यांचे काँक्रीटचे तीन प्रचंड गोळे तलावाकाठी ठेवले होते, ते पाण्यात ढकलून द्यायचा प्रयत्न झाला. गोळे अजून तिथेच आहेत आणि शहराची खूण झालेत. तेव्हापासून दर दहा वर्षांनी हे प्रदर्शन भरतं, १९८७, १९९७, २००७, २०१७. काही कामं शहर कायमची ठेवून घेतं, बाकीची काढली जातात. न आवडणाऱ्या गोष्टीबद्दल त्या शहराने बोलणं सोडलं नाही, म्हणून मला ते जवळचं वाटतं.

ए-६०१: म्हणजे आधी विचारा, हेच ना? मी तेच म्हणतेय. स्केच दाखवल्याशिवाय माझी सही नाही. आणि मोठे चेहरे नकोत. रात्री खिडकीशी आलं की कोणी टक लावून बघतंय असं वाटायला नको.

सी-५०३: काकू, हे अगदी असंच सभेत सांगा. चित्रकाराला असल्या गोष्टी कळल्याच पाहिजेत, आणि त्या भिंतीसमोर राहणाऱ्यालाच सुचतात.

डी-४०२: मग पोल टाकू का? चार डिझाइन, सगळ्यांनी मत द्यायचं.

सी-५०३: पोलला माझा विरोध आहे. पोलमध्ये कोणालाच न खटकणारं चित्र निवडून येतं आणि सहा महिन्यांनी ते कोणाला दिसतही नाही. 'तुम्हाला काय हवं' असं विचारलं की आपण सगळेच फुलं-पक्षी सांगतो. त्यापेक्षा चित्रकाराने इथे येऊन बसावं, जुन्या रहिवाशांशी बोलावं, इथे आधी काय होतं, रस्ता कधी झाला, मुलं कुठे खेळायची ते ऐकावं. मग कच्ची स्केचेस नोटीस बोर्डावर लावून सगळ्यांचे शेरे घ्यावेत. अंतिम निर्णय त्यांचा, पण शेऱ्यांना उत्तर देणं त्यांना बंधनकारक.

ए-३०२: आम्हा ज्येष्ठांना हातभार लावता येईल का? परांचीवर चढणं काही आता जमणार नाही.

सी-५०३: का नाही! फिलाडेल्फियात याची छान सोय शोधून काढली आहे. १९८४ मध्ये तिथे भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांनाच चित्रांकडे वळवायला उपक्रम सुरू झाला, जेन गोल्डन यांनी तो वाढवला, आणि आतापर्यंत शहरात चार हजारांहून जास्त भित्तिचित्रं झाली. ते पॅराशूटचं कापड म्हणतात तसल्या पातळ, न विणलेल्या कापडाचे साधारण पाच फुटी चौकोन करतात. मूळ चित्राच्या रेषा त्यावर उतरवून प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक घालतात. मग ज्याला जमेल त्याने टेबलाशी बसून आपापला चौकोन रंगवायचा. वाळलेले चौकोन अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात, हवेचे बुडबुडे दाबून काढतात, सांधे रंगवून मिटवतात. कापड इतकं पातळ असतं की जवळून पाहिलं तरी भिंतीवरच रंगवल्यासारखं वाटतं. आपल्या हॉलमध्ये हे सहज होईल. व्हीलचेअरवरच्या माणसालाही येईल.

ए-३०२: मग माझं नाव लिहा.

ए-६०१: माझंही. (सहीचं अजून स्केच बघूनच.)

बी-३०३: कापड असो वा रंग, भिंत बरी नसेल तर काही टिकणार नाही. आत्ताच बघून आलो. गेटच्या डावीकडे खालच्या दोन-अडीच फुटांत लोणा लागलाय. हात फिरवला की पांढरी भुकटी येते, एके ठिकाणी बोटाने गिलावा निघतोय. आतून बागेचं पाणी मुरतं, तेच बाहेर येताना क्षार घेऊन येतं. त्यावर कितीही भारी रंग द्या, मागून ओल ढकलते आणि रंग पापुद्रा धरून सुटतो. आधी वाफ्याचा उतार भिंतीपासून लांब वळवायचा. सुटा गिलावा खरवडून नवा करायचा आणि तो निदान महिनाभर तसाच ठेवायचा, कारण ताज्या सिमेंटमधली अल्कली रंगाला खाते. मग अल्कलीला दाद न देणारा प्रायमर, मग एक्स्टिरियर अ‍ॅक्रिलिक. शिवाय भिंतीच्या माथ्यावर उताराचं कोपिंग, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर टाकणारी कड, नाही, काळे ओघळ येतात ते त्यामुळे. ते केल्याशिवाय मी तरी हो म्हणणार नाही.

बी-१०१: आता कसं बोललात. महिना थांबायची आयोजकांची तयारी आहे का? त्यांचा सप्ताह तोंडावर आलाय.

सी-५०३: तोच प्रश्न मी त्यांना विचारणार आहे. सप्ताहासाठी भिंत घाईने रंगवण्यापेक्षा त्या आठवड्यात हॉलमध्ये कापडाचे चौकोन रंगवून घेऊ, भिंतीवर नंतर लावू. उद्घाटनाची फीत कापायला भिंतच लागते असं नाही.

रंगांचंही बोलू या. भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारचं सगळं ऊन अंगावर. काही झगझगीत गुलाबी-पिवळे रंग उन्हात लवकर विटतात. गेरूच्या जातीचे, लोहाच्या ऑक्साइडचे मातकट रंग खूप टिकतात. इटलीत पिसा शहरात अमेरिकन चित्रकार कीथ हेरिंग यांनी १९८९ मध्ये एका मठाच्या मागच्या भिंतीवर 'तुत्तोमोंदो' काढलं, १८० चौरस मीटरचं. एकमेकांत अडकलेल्या तीस माणसांच्या आकृत्या. कित्येक चित्रं एका दिवसात उरकणारा हा माणूस त्या भिंतीवर जवळपास आठवडाभर होता, येणारेजाणारे थांबून बघत होते, आणि रंग निवडताना टिकाऊपणाचा विचार आधी केला होता. पुढच्याच वर्षी ते वारले. चित्र अजून आहे.

डी-२०१: एक शंका. पुढे गेट रुंद करायचं झालं तर ती भिंत पाडता येईल ना? की चित्र आहे म्हणून अडकून बसायचं?

सी-५०३: फार चांगला प्रश्न. दिल्लीत विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भलंमोठं कांस्य भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले भाग परत करायला सांगितले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. म्हणजे जागा कोणाचीही असली तरी निर्मात्याचा आपल्या कामावर काही हक्क उरतो. म्हणून करारात आत्ताच लिहू की दुरुस्तीसाठी किंवा गेटसाठी भिंत पाडावी लागली तर चित्रकाराला आधी लेखी कळवू, नीट फोटो काढून घ्यायला वेळ देऊ, आणि त्यानंतर त्यांची हरकत नसेल. मसुदा वकिलांना दाखवूनच सही करू.

बी-१०१: म्हणजे वकील, इंजिनिअर, चित्रकार, सगळे लागणार. एका भिंतीपायी किती कटकट!

सी-५०३: काका, आत्ता चार पानं लिहायची कटकट आहे. न लिहिता काढलेलं चित्र तुम्ही पुलाखाली रोज बघताच.

ए-१०३: मैदानाचं कोणीच बोललं नाही. कार्यक्रम होऊ दे, पण स्पीकर डी विंगकडे तोंड करून नकोत, तिथे दहावीची मुलं आहेत. साडेनऊला बंद. आणि पुढच्या दोन रांगा खुर्च्यांच्या, ज्यांना जमिनीवर बसता येत नाही त्यांच्यासाठी.

डी-४०२: पथनाट्याला स्पीकर लागतच नाही काकू. गोल करून उभं राहायचं. गाण्यांना लागेल.

सचिव (ए-२०४): मैदानाला कोणाचीच हरकत दिसत नाही, ए-१०३ यांच्या अटी पत्रात टाकतो. भिंतीचा ठराव रविवारी. सी-५०३ ताई, आयोजकांना आणि शक्य असल्यास चित्रकारालाही सभेला बोलवा. बी-३०३, दुरुस्तीचा अंदाज लेखी द्याल का? वाफ्याचा उतार आणि कोपिंग तर चित्र नसलं तरी करावंच लागेल.

बी-३०३: देतो. उद्या सकाळी भिंतीवर तीन ठिकाणी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारी बाजूंनी टेपने बंद करून लावतोय. दिवसभराने आतून घाम धरला तर ओल नक्की किती उंचीपर्यंत चढलीय ते कळेल.

बी-१०१: मीही येतो बघायला. मुदत आणि देखभाल लेखी आली तर रविवारी विचार करीन. तोपर्यंत माझा विरोध नोंदलेलाच राहू द्या.

सचिव (ए-२०४): नोंद आहे काका. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी कृपया सांगून ठेवा, भिंतीवरचं प्लास्टिक परवा सकाळपर्यंत कोणी ओढून काढू नका. वॉचमनलाही कळवलंय.