भावाला जाऊन ८ महिने झाले, प्रार्थना सुचतच नाही, कोणाला असं झालंय का?

कोरडी_विहीर
सलाम सगळ्यांना. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ गेला, ३१ वर्षांचा होता. तीन आठवडे आयसीयूत. दर रविवारी उपासनेत आजारी लोकांची यादी वाचतात ना, त्यात त्याचं नाव होतं, त्याच्या खाली अजून एकांचं, तेही तेव्हा आयसीयूतच होते. दोघांसाठी तीच मंडळी, तीच प्रार्थना, अगदी तेच शब्द. ते बरे झाले, हा गेला. पुढच्या रविवारी यादी वाचली तर वरचं नाव नाही, बस, पुढचं नाव, पुढचं नाव. आणि महिन्याभराने त्या बरे झालेल्यांची साक्ष, देव प्रार्थना ऐकतो म्हणून. सगळे आमेन म्हणाले. मी पण म्हणाले, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले. त्यांचा राग नाही हो मला, खरंच नाही, चांगला माणूस आहे. पण मग आमचं काय ऐकलं त्याने?

आई शांत आहे. "प्रभूने नेलं, प्रभूकडे आहे" म्हणते आणि तिला त्यात खरंच बरं वाटतं, नाटक नाही ते. भावाच्या मोबाईलचा सकाळी ५:४० चा अलार्म अजून वाजतो, ती उठून बंद करते, तिथेच बसून प्रार्थना करते. मी बसते तर "हे प्रभू" म्हणते आणि पुढे काहीच नाही. लोक म्हणतात देवाची योजना असते, त्याला जास्त गरज होती म्हणून नेलं वगैरे. असं कोणी म्हटलं की मला चर्चला जाऊच नये वाटतं.

विश्वास गेलाय का माझा? की असं होतं?

---

शंकेखोर_थोमा
ताई, आधी एक सांगतो, "त्याला जास्त गरज होती" हे शास्त्रात कुठेही नाहीये. लोकांना गप्प बसवत नाही म्हणून बोलतात.

माझे वडील गेले तेव्हा मीही असाच. एका जुन्या पाळकांनी मला बायबलातलं स्तोत्र ८८ वाचायला सांगितलं, बाकी काही बोलले नाहीत. मला वाटलं काहीतरी धीर देणारं असेल. वाचलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत अंधार. बाकीच्या रडण्याच्या स्तोत्रांत शेवटी "तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन" असं काहीतरी येतं, २२ बघा, १३ बघा, यात तेही नाही. मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार आहे. आणि हे स्तोत्रसंहितेत आहे! देवळात गायच्या पुस्तकात! म्हणजे कोणीतरी ठरवलं ना, की हेही देवासमोर म्हणायचं आहे, खोडायचं नाही. १५० पैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाचीच आहेत, आपण उपासनेत वाचतो किती? तीच चार-पाच.

बायबलात ईयोब आहे ना, सगळं गमावलेला, त्याचं पण तेच. मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि वाट लागली. शेवटी देव कोणाला रागावला? देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांना. ईयोब पानंच्या पानं भांडला त्याच्याशी, तरी त्याच्याबद्दल म्हणाला की हा नीट बोलला.

तर "हे प्रभू" च्या पुढे राग येत असेल तर तोच बोला. तीही प्रार्थनाच.

---

प्रभूचा_सेवक
बहिणी, १ थेस्सलनीका ४:१३ वाच. आशा नसलेल्यांसारखं दुःख आपण करायचं नाही. ८ महिने खूप झाले. स्तुती चालू कर, दुःख आपोआप जाईल. आमेन.

---

मोहरीचा_दाणा
@प्रभूचा_सेवक दादा, तुमचा हेतू चांगला असेल पण ते वचन नीट वाचा. "दुःख करू नका" असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणत नाही, "आशा नसलेल्यांसारखं करू नका" म्हणतो, फरक आहे. तोच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की माझा सोबती एपफ्रदीत मरायला टेकला होता, देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे तो गेला असता तर पौलाने स्तुती चालू करून विषय संपवला नसता, त्यालाही त्रासच झाला असता ना. विश्वासासाठी दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला, प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आहे. आणि ऑगस्टीन! आई वारली (३८७ साल) तेव्हा रडणं बरं दिसणार नाही म्हणून त्याने सगळ्यांसमोर डोळे कोरडे ठेवले. अंघोळ केली की मन हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून अंघोळीला गेला, आला तर दुःख तसंच. मग झोपून उठला आणि एकटाच अंथरुणात रडला. एवढा मोठा धर्मपंडित, आणि हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आता ताई तुमच्यासाठी. योहान ११ तुम्हाला पाठ असेल, मलाही होतं, पण नवरा गेल्यावर परत वाचलं तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. भाऊ लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया या दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन येशूला तेच वाक्य बोलतात, प्रभूजी आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती, आणि खरी आहे, निरोप मिळाल्यावर तो मुद्दाम दोन दिवस थांबला होता. मार्थेला तो उत्तर देतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. मरीया पायाशी पडून तेच वाक्य बोलते आणि तिला तो काहीच समजावत नाही. तिचं रडणं बघून व्याकूळ होतो, लाजरला कुठे ठेवलं विचारतो, आणि मग ते दोन शब्दांचं वचन, येशू रडला. पाच-दहा मिनिटांत लाजरला उठवणार हे त्याला माहीत होतं! तरी रडला.

एकच घर, एकच मेलेला भाऊ, एकच वाक्य, आणि एकीला शब्द मिळाले, दुसरीला आसवं. तुमच्या आईला मार्थेचं मिळालंय असं मला वाटतं. तुम्हाला ते आत्ता पचत नाही म्हणून विश्वास गेला असं कशाला समजताय.

---

रविवारची_मिस्सा
मी कॅथलिक आहे, आमच्याकडे थोडं वेगळं. मला पण मुलगी गेल्यावर स्वतःचे शब्द सुचायचे नाहीत, तेव्हा रोझरीने, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेने, तारलं. मन कुठेही असो, बोटं मण्यांवरून सरकतात आणि तोंड आपोआप म्हणत राहतं, ते शब्द माझ्या आधी कितीतरी लोकांनी रडत म्हटलेले. आधी मला ती घोकंपट्टी वाटायची, खरं सांगते. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना पण करतो, २ नोव्हेंबरला तर खास. तुमच्यात ते मानत नाहीत माहीत आहे, वाद घालायचा नाहीये, पण मला तेव्हा मुलीसाठी *काहीतरी करायला* मिळालं, नाहीतर हात रिकामे झाले होते.

तुमच्यात पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आहेच की. तेवढंच म्हणा. तेही नाही जमलं तर रोमकरांस ८:२६, आत्मा शब्दांशिवाय कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. त्या दिवशी तुमची सुट्टी समजा.

---

जुना_वाचक
वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त एकच विचारतो, झोप येते का? जेवण जातं का? एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला तेव्हा देवदूताने वचन सांगितलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. बोलणं नंतर. महिनोन् महिने झोप नसेल, कशातच जीव नसेल किंवा मरावंसं वाटत असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जा, तो अविश्वास नाही. मी स्वतः गेलोय, सहा महिने गोळ्या घेतल्या, प्रार्थना पण चालू होती.

---

कोरडी_विहीर
सगळ्यांना थँक्यू, एक-एकाला उत्तर देता येत नाहीये, वाचताना परत परत थांबावं लागलं. @जुना_वाचक दादा, झोप तुटक आहे, जेवते, मरावंसं नाही वाटत. पण डॉक्टरांचं बघते.

मार्था-मरीयेचं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, मी पण रडते गं, अलार्म बंद केल्यावर, तू झोपलेली असतेस. मला हे ८ महिने माहीतच नव्हतं.

आज ५:४० ला मी पण उठले. ८८ मोठ्याने वाचलं, आई शेजारी बसून ऐकत होती. शेवटी दोघी थांबलो, आमेन म्हणायचं की नाही तेच कळेना, नाही म्हटलं. थोमादादा, आता पुढे काय, ८९ लगेच वाचू का?

---

शंकेखोर_थोमा
वाचा, पण ८९ फसवं आहे हं. सुरुवात दयेची गीते गाईन अशी जोरात, दावीदाला दिलेली वचनं वगैरे, आणि अर्ध्याच्या पुढे गेलं की एकदम "तू तर टाकून दिलंस", परत तेच, कुठवर. घाई करू नका. ८८ वरच चार दिवस राहिलात तरी चालेल, मी दोन महिने होतो.